दमलेल्या जंतूंचा कैवारी

जंतूंची बाजू घेऊन माणसांशी भांडणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि गंमत म्हणजे त्याच जंतूंच्या मागे लागण्यासाठी सरकारनं त्याला नोकरीवर ठेवलं होतं. सोनाळ्याला मी नवा मास्तर म्हणून गेलो तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. शाळेच्या कपाटातल्या निम्म्या नकाशांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्यांच्या घरी मला राहायला खोली मिळाली त्या घरमालकीणबाईंचे हे थोरले भाऊ. बायको लवकर गेली, मुलगा मलकापुरात मामाकडे शिकायला, म्हणून ते बहिणीच्या आश्रयाला होते. गावोगाव फिरून देवी टोचायच्या आणि साथ आली की सुया द्यायच्या हे त्यांचं काम, त्यामुळे सारा मुलूख त्यांना देवी डॉक्टर म्हणे. डॉक्टर ते मुळीच नव्हते. मॅट्रिकला दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा इतिहासाच्या पेपरात लढाया सोडून छावणीत पसरलेल्या तापसरायांवर पुरवण्या भरून आले, असं त्यांच्या बहिणीनं मला पहिल्याच दिवशी चहाबरोबर सांगितलं. उंच, किंचित वाकलेले, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला खाकी कोट, आणि नजर नेहमी समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे, सातपुड्याच्या निळ्या रेघेवर. ते माझ्याशी बोलतात की डोंगराशी, हे ठरवायला मला महिना लागला.

सरकारनं त्यांना एक सायकल दिली होती. ती ते चालवत नसत, नुसती फिरवून आणत. चालवताना विचार आला की हात सुटत आणि डॉक्टर बाभळीत जात, म्हणून त्यांनी आपखुशीनं हा तह केला होता की सायकलनं पेटी वाहायची आणि त्यांनी विचार. दोघं शेजारी शेजारी चालत. एकदा टुनकीला देवी टोचायला म्हणून सकाळी निघाले, विचाराच्या नादात टुनकी मागे पडलं, आणि ज्या गावाची पाळी आठवड्यानंतर होती तिथं पोचून त्यांनी शांतपणे पेटी उघडली. टुनकीचे लोक इकडे पोरं न्हाऊ घालून उन्हात बसलेले. वरून विचारणा झाली तेव्हा डॉक्टरांनी उत्तर दिलं, ‘‘रोग काय तारीख पाहून येते का, साहेब? मंग मी काऊन पाहू?’’ साहेबांनी ते उत्तर तसंच फायलीत लावून टाकलं. डॉक्टरांना मात्र टुनकीच्या पोरांचं फार वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी ते तिकडे गेले ते खिशात शेंगदाणे भरून.

टोचण्याचं काम त्यांना मनापासून आवडत नसे. हात सराईत होता, तरी दंड पुढे आला की ते आधी त्या दंडाची माफी मागत. माणसाची नव्हे, दंडाची. पोर रडलं की यांच्या डोळ्यांत पाणी. ‘‘रड बाप्पा, रड. तुही काई चूक नाई, आमालेच अजून रस्ता सापडला नाई,’’ असं म्हणत ते त्याला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणत, आणि रांग तशीच उभी राही. आया कंटाळत. एकीनं मला विचारलंही, की पोराला हे गप्प करतात की पोर यांना?

हा न सापडलेला रस्ता म्हणजेच त्यांचं स्वप्न. बुलढाण्याला एकदा शिकवणीच्या वर्गासाठी त्यांना बोलावलं होतं. तिथं कुणी मोठे डॉक्टर व्याख्यानात सांगून गेले की, पोलिओची लस आता तोंडातून देतात, जिभेवर दोन थेंब, सुई नाही की काही नाही. आतला विषाणू जिवंतच असतो, पण नरम केलेला. झालं. बाकी वर्गात काय शिकवलं ते डॉक्टरांना आठवत नव्हतं. एसटीनं परत येताना ते ती दोन वाक्यंच मनात घोळवत आले असावेत, कारण उतरले तेव्हा त्यांची वळकटी गाडीतच पुढे गेली होती. त्यानंतर दुपारी ओट्यावर, बहीण जात्याशी आणि मी वह्यांशी झटत असताना, त्यांचा वर्ग सुरू होई. विद्यार्थी मी एकटा.

‘‘मास्तर, मेलेल्या जंतूले कोण भिते? पोटातले शिपाई त्याच्याकडं पाहतबी नाईत. अन् तसाच जिता सोडला, तं तो गाव खाते. मंग काय कराचं?’’

‘‘काय करायचं?’’

‘‘दमवाचं त्याले. मारू नाई. चार ठिकाणी फिरवाचं, अर्धपोटी ठेवाचं, त्याच्या शंभर पिढ्या अशा वाढवाच्या का चावनंच इसरला पाह्यजे. असा दमलेला जंतू तोंडातून पोटात सोडाचा. पण एकटा नाई.’’ इथं ते आवाज खाली आणत. ‘‘त्याच्या पाठीवर दुसऱ्या रोगाची वयख ठेवाची. रोग नाई, नुसती वयख. मुराळी नाई का येत सासरी? माहेरची खबर सांगते, चार दिवस राह्यते, जेवते, अन् जाते. तसा हा मुराळी. पोटातल्या शिपायाईले खबर भेटली, का मंग खरा रोग दारात आला तं ते त्याले बराबर वयखते.’’

एका रोगाच्या जंतूनं दुसऱ्या रोगाची ओळख पोचवायची! मी हसलो, तसे ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘हसा. टपालखातं निघालं तवाबी लोक हसलेच असतीन.’’ आणि हे सारं द्यायचं कशातून, तर दह्यातून. कारण दह्यात जंतू असतात, जिवंत असतात, आणि माणसाशी त्यांचं भांडण नसतं. शिवाय विरजण घरोघर जातं. आज हिच्याकडचं तिच्याकडे, उद्या तिच्याकडचं पलीकडे. ‘‘एका घरी देल्लं का आठ दिवसात गाव झालं. सुई नाई, स्टोव्ह नाई, रांग नाई. पोट्टे भाकरीसंग खातीन अन् खेळाले पळतीन.’’ हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही उजळे, की ऊन कललेलं, लिंबाची सावली ओट्यावर आलेली, आणि त्या सावलीतून एक सबंध गाव न रडता शहाणं होऊन चाललंय, असं मलाही क्षणभर दिसायचं. मग बहीण जात्यावरून ओरडायची, ‘‘दादा, दूध उतू जाऊन राह्यलं!’’

दूध म्हटलं की ते उठत. कारण बोलण्यावर न थांबता डॉक्टरांनी तयारी म्हणून दह्याचा अभ्यासही चालवला होता. त्यांच्या खोलीत खिडकीखाली एका फळीवर मातीची बुडकुली मांडलेली असत, प्रत्येकात वेगळ्या घरचं विरजण. चिठ्ठ्या नव्हत्या. जरुरीच नव्हती. मी एकदा परीक्षा म्हणून तीन वाट्या डोळे झाकून चाखायला दिल्या. पहिलीला म्हणाले, ‘‘हे पाटलाच्या घरचं, जरा आळशी हाये.’’ दुसरी जिभेवर ठेवून म्हणाले, ‘‘हे शेजारच्या कौतिकाबाईचं. आंबट, पण मेहनती.’’ तिसरीला बराच वेळ थांबले, आणि काळजीनं विचारलं, ‘‘सुताराची सून माहेरी गेली का हो?’’ गेली होती; सासूनं विरजलं होतं. खोलीत कुणी जोरानं बोललं की ते बुडकुल्यांकडे बोट दाखवून गप्प करत. तिन्हीसांजेनंतर घरातलं दही बाहेर देऊ नये, हा बहिणीचा नेम त्यांना मुळीच मान्य नव्हता. ‘‘जंतूले काय तिन्हीसांजा?’’ म्हणून ते मागच्या दारानं विरजण देऊन टाकत. आणि दही मात्र, खोटं कशाला बोला, असं लागे की सुरीनं कापून घ्यावं. साऱ्या माळ्यांच्या आळीत हळूहळू त्यांचंच विरजण चालू झालं. कुणाला ते नाही म्हणत नसत, आणि बायका दारात आल्या की उगाच लाजत.

अशी तीन वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेल्या असताना, पलीकडच्या वाडीत पटकी लागल्याची बातमी आली. दवाखान्यातून सुयांची पेटी आली, नर्सबाई आल्या, शाळेच्या व्हरांड्यात स्टोव्ह पेटवून सुया उकळायला ठेवल्या. दरवर्षी असं झालं की आमचं गाव वाऱ्यावर उडे. कुणी कडब्याच्या गंजीत, कुणी वावरात, कुणी थेट सासुरवाडीला. यंदा कुणीच पळालं नाही. आणि कुणी आलंही नाही. दुपारपर्यंत वाट पाहून डॉक्टर आणि मी आमच्या कुंपणापलीकडच्या माळ्यांच्या आळीत गेलो. कौतिकाबाई अंगणात वांगी निवडत बसली होती. विधवा बाई, चार एकरांवर भाजीपाला पिकवणारी. तिनं कांदे लावले की आळी कांदे लावी, तिनं नाक मुरडलं की आळी मुरडे.

‘‘आमचं झालं, डॉक्टर,’’ ती हसून म्हणाली.

‘‘कवा झालं? कोनं देल्ली सुई?’’

‘‘सुई कायले? तीन वर्स झाले तुमचं दही खाऊन राह्यलो न आमी! तुमीच मास्तरले सांगत होते ओट्यावर. मी कुंपनापाशी होती, सारं आयकलं.’’

डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला, आणि मला हसू येत होतं ते जागीच विरलं. ‘‘बाई, असं व्हाले पाह्यजे, असं म्हनत होतो मी. झालं कुठं?’’

‘‘समजते आमाले,’’ कौतिकाबाईनं डोळा मिचकावला. ‘‘सरकारी मानसानं उघड बोलू नाई. तुमी बोलू नका, आमी आयकत नाई.’’

संध्याकाळपर्यंत डॉक्टर घरोघर हिंडले. दही हे नुसतं दही आहे, हे ते गळ्याच्या शिरा ताणून सांगत होते आणि लोक मान डोलवत होते. देवी डॉक्टर स्वतः घरोघर विरजण देतो, वर फुकट देतो, वर नाही नाही म्हणतो; म्हणजे त्यात काय आहे हे काय सांगायला पाहिजे? नाकारण्यानं विश्वास दुप्पट झाला. दिवस मावळायच्या आत टुनकीचे लोक भांडी घेऊन आमच्या दाराशी उभे. तेवढ्यात वाडीकडून एक बैलगाडी दवाखान्याकडे गेली. गाडीत घोंगडीखाली कुणीतरी होतं आणि एक बाई मागून चालत होती, पदर तोंडात धरून. भांडी घेतलेले लोक बाजूला सरले, गाडी गेल्यावर पुन्हा पुढे आले. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी फळीवरची सगळी बुडकुली पाटीत घातली, स्वतः डोक्यावर घेतली, आणि कौतिकाबाईच्या अंगणात नेऊन ओळीनं मांडली. मी नर्सबाईंना सोबत घेऊन मागे गेलो. गंमत म्हणून आळी जमली. डॉक्टर मधोमध उभे राहिले, आणि मी प्रथमच पाहिलं, त्यांची नजर डोंगरावर नव्हती, एकेका तोंडावर होती.

‘‘हे दही हाये,’’ ते म्हणाले. ‘‘चांगलं हाये. पण पटकीले अडवाची ताकत याच्यात नाई. मी जे मास्तरले सांगत होतो ते अजून कोनाच्याच हातात नाई. माह्या तर नाईच नाई. कौतिकाबाई, तुमचे दोन नातू हायेत. आजच्या आज सुई घ्या. मी पाया पडतो.’’

कौतिकाबाई वांग्याची पाटी सोडून उठली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ‘‘मंग एक गोठ सांगा, डॉक्टर. खरी सांगा. पटकीची सुई तुमी घेतली का?’’

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला! सुया देणाऱ्यानं आधी स्वतः घ्यायची, नियमच तसा. पण डॉक्टर वाकून ओळीतलं एक बुडकुलं उगाच सरळ करू लागले.

‘‘नाई,’’ ते म्हणाले.

‘‘यंदा नाई?’’

‘‘तीन वर्स नाई.’’ त्यांचा आवाज फुटला. ‘‘बाई, तुमी फसल्या तसा मीबी फसलो. कोनी फसवलं नाई, मीच. रोज सकायी खाचो अन् वाटाचं, जरासं असंन याच्यात. जरासं तरी असंनच. इतके वर्स पाहून राह्यलो मी हे सपन... पन नाई हाये त्याच्यात काई. काईच नाई.’’

भर अंगणात, साऱ्या बायकांसमोर, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसानं आपलं सगळ्यात लाडकं स्वप्न आपल्या हातानं असं खाली ठेवलं. मला तिथं उभं राहवेना. नर्सबाईंकडे जाऊन डॉक्टरांनी कोट काढला, बाही वर केली, आणि दंड पुढे केला. या वेळी त्या दंडाची माफी कुणीच मागितली नाही. सुई बाहेर आली तेव्हा कौतिकाबाई सुनेला म्हणाली, ‘‘पाह्य व. गावात सर्वात जास्त दही ज्यानं खाल्लं, त्याले सुई घ्या लागली. आपन कोन? आन त्या पोट्ट्याईले.’’ दोन्ही नातू ओढत आणले गेले, त्यांनी हंबरडा फोडला, आणि त्यांच्या मागे आळी उभी राहिली. आळीमागे गाव. दुपारपर्यंत डॉक्टर सुजलेल्या दंडानं सुया देत होते. बुडकुल्यांना ऊन लागलं होतं. त्यांच्या बहिणीनं त्या सगळ्या दह्याची उकळून कढी केली आणि रांगेतल्या लोकांना घरून भाकरी आणायला सांगितली. बुडकुली धुऊन पालथी घातली ती पुन्हा सुलटी झाली नाहीत.

पटकी आली तशी गेली. आमच्याकडे दोघांना झाली, दोघंही वाचले, आणि त्यांच्यात कौतिकाबाईच्या घरचं कुणी नव्हतं. पण ओट्यावरचा वर्ग बंद पडला. मी दोन-तीनदा मुद्दाम मुराळ्याचा विषय काढून पाहिला. ते हसत आणि पेटी पुसायला घेत. बायका अजूनही विरजण मागायला येत. ते घरातल्या रोजच्या दह्यातलं देत, पण भांड्यावर हात ठेवून प्रत्येकीला म्हणत, ‘‘हे नुसतं दही हाये बरं.’’ पाटलीणबाईंना ते इतक्या वेळा ऐकावं लागलं की त्या चिडून म्हणाल्या, ‘‘मंग मी काय लोनी समजून राह्यली का?’’ मला त्यांच्या त्या स्वप्नाची फार आठवण येई. दुपारच्या वह्या तपासून होत, लिंबाची सावली ओट्यावर येई, आणि काहीतरी व्हायचं राहून गेल्यासारखं वाटे.

पुढे माझी बदली झाली, बरीच वर्षं मधे गेली. एकदा कामानिमित्त मलकापूरला उतरलो आणि त्यांच्या मुलाचं घर शोधत गेलो. कापसाच्या गाड्या जात होत्या, रस्त्यावर कापूस उडत होता. डॉक्टर अंगणात खुर्चीवर बसलेले, केस पांढरे, कान थोडे जड. मी जवळजवळ धावत गेलो होतो, कारण माझ्याजवळ बातमी होती. वाचनालयात एका मासिकात मी वाचलं होतं, शास्त्रज्ञ आता नेमकं हेच करून पाहताहेत: पोटातले जंतू दमवायचे, त्यांच्या पाठीवर दुसऱ्याच रोगाची ओळख बसवायची, आणि तोंडावाटे द्यायचे. मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला.

‘‘दह्यातून?’’

‘‘दह्यातून नाही. अजून फक्त प्रयोग आहेत. पण मुराळी तोच.’’

ते डोळे मिटून बसले. ओठ हलत होते. मला वाटलं आता रडतात की काय. पण एकाएकी दचकून त्यांनी डोळे उघडले.

‘‘मास्तर, हे तिकडं सोनाळ्यात कोनाले सांगतलं तं नाई?’’

‘‘नाही.’’

‘‘नका सांगू. हातात येऊ द्या आधी. तोवर सुई घेऊ द्या लोकाईले.’’

मी कबूल केलं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, घरात कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि माझी खुर्ची हातानं आपल्याजवळ ओढली.

‘‘मले सांगा,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘पयल्यापासून सांगा.’’

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.